टपाची पन्हळ

अँबेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी डोळ्यांपुढे आणा. दारांच्या वर, टप जिथे संपतो तिथे, पुढच्या काचेच्या कोपऱ्यापासून मागपर्यंत एक बारीक कड धावते. थोडी बाहेर आलेली, वर वळलेली, मध्ये करंगळीही धड मावणार नाही एवढी खोबण. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर सामानाचा कॅरिअर बसायचा तो हिच्याच भरवशावर. कॅरिअरचे पाय या खोबणीत टेकवायचे, खालून पकड घालायची आणि स्क्रू आवळायचा. वर दोन ट्रंका आणि एक वळकटी चढवली तरी कड हूं की चूं करत नसे. कौलारू घराच्या पन्हळीचे जे काम तेच हिचे: टपावरचे पाणी दारात न पडू देता कडेकडेने वाहून न्यायचे.

अमेरिकेत हिला ड्रिप रेल म्हणतात, आणि जुन्या मोटारी कापून नव्याने घडवणाऱ्यांमध्ये ही कड ठेवायची की छाटायची हा मोठा निर्णय असतो. वरवर पाहता काम ग्राइंडरचे आहे: बाहेर आलेला भाग कापा, घासा, रंग मारा. असे समजून हात घातलेल्या गाड्यांचे टप पुढे तडकतात, गळतात, उन्हात लाटा दाखवतात. कारण पन्हळ ही टपाला चिकटवलेली शोभेची पट्टी नाही. ती टप आणि बाकीची बॉडी यांचा सांधा आहे, आणि कापणारा माणूस तो सांधाच कापत असतो. ती तिथे कशी आली हे कळले की ती काढण्यात एवढे अवघड काय आहे, हेही आपोआप कळते.

मोटारीचा टप एकसंध पोलादी असणे ही गोष्ट तशी उशिराची. १९२०च्या दशकातल्या बंद मोटारींचा टप मध्यभागी पत्र्याचा नसायचाच. लाकडी पट्ट्या, त्यांवर तारेची जाळी, त्यावर कापसाचे अस्तर आणि सर्वांत वर पाणी न झिरपणारे लेप दिलेले कापड, अशी ती रचना होती. एवढ्या रुंदीचा पोलादी पत्रा चांगल्या दर्जाचा मिळत नसे आणि तो एका दाबात आकाराला आणणारी अवजड प्रेसही नव्हती. सलग रुंद पत्रा लाटणाऱ्या गिरण्या अमेरिकेत उभ्या राहिल्या तेव्हा चित्र पालटले. जनरल मोटर्सने १९३५च्या मॉडेलांवर ‘टरेट टॉप’ या नावाने एकसंध पोलादी टप आणला, आणि बघता बघता इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या.

टप एका पत्र्याचा झाला, पण तो दारांच्या चौकटींना जोडायचा कसा? कारखान्यात जोडणी व्हायची ती स्पॉट वेल्डिंगने. दोन पत्रे एकावर एक ठेवायचे, दोन्ही बाजूंनी तांब्याची टोके दाबायची आणि क्षणभर जबर वीज सोडायची. टोकांमधला ठिपका वितळून दोन्ही पत्रे एकजीव होतात. स्वस्त, वेगवान आणि दणकट. अट एकच: टोके दोन्ही बाजूंनी पोचली पाहिजेत. बंद पोकळीत हे जमत नाही. मग पत्र्यांच्या कडा बाहेर काढायच्या, एकमेकींवर बसवायच्या आणि तिथे ठिपक्यांची रांग मारायची. टपाच्या पत्र्याची कड, दाराच्या वरच्या चौकटीची कड आणि बऱ्याच गाड्यांत इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराची तिसरी पट्टी, असे दोन-तीन थर तिथे एकत्र येतात. नाहीतरी कड बाहेर काढावीच लागणार होती. तिचे टोक वर वळवले की पाण्याची वाट तयार! मोटारीच्या बॉडीत एवढ्या कमी पत्र्यात एवढे काम काढलेली दुसरी जागा मला तरी माहीत नाही. थर दुमडल्यामुळे दारांवरची लांब तुळईही ताठ राहते, हा आणखी एक फायदा.

ब्रिटनच्या मिनीत हे तर्कशास्त्र अगदी उघडे दिसते. अलेक इसिगोनिस यांनी १९५९च्या या गाडीत बॉडीचे सांधे मुद्दाम बाहेर ठेवले, म्हणजे वेल्डिंगची बंदूक सहज पोचावी आणि खर्च वाचावा. टपाभोवतीची पन्हळ ही त्याच कुटुंबातली. आजही मिनीचे काही शौकीन हे सारे सांधे कापून गुळगुळीत मिनी करतात, आणि त्यांना पहिल्याच दिवशी कळते की आपण शोभेला नव्हे, सांगाड्याला हात घातला आहे.

छाटायची हौस मात्र मुळात कॅलिफोर्नियाची. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या आसपास तरुण पोरे, काही रणांगणावरून परतलेली, स्वस्तात मिळालेल्या फोर्ड, मर्क्युरी, शेव्हरोले घेऊन छोट्या वर्कशॉपांत जमू लागली. त्यांतले सर्वांत गाजलेले नाव जॉर्ज आणि सॅम बॅरिस या भावांचे. १९४९ ते १९५१च्या मर्क्युरी ही त्यांची आवडती सामग्री: मोठी, गोलाईदार, जडशीळ गाडी. कंपनीचे नाव काढा, चिन्ह काढा, दाराच्या मुठी काढून आतून विजेने कडी उघडायची सोय करा, भोके बुजवा, टप कापून खाली आणा. या शैलीचे सूत्र भर घालण्यापेक्षा वजा करण्याचे होते. बॅरिस बंधूंनी बॉब हिरोहाता यांच्यासाठी १९५१ची मर्क्युरी घडवली. १९५२च्या एका मोटार-प्रदर्शनात तिने लोकांना खिळवून ठेवले. हीच गाडी जानेवारी २०२२मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात साडेएकोणीस लाख डॉलरांच्या बोलीवर गेली. मूळ गाडीत फेरफार केले म्हणजे तिची किंमत संपली, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पन्हळच का खटकते? टप खाली आणला की खिडक्यांची उंची घटते, पण पन्हळीची जाडी तेवढीच राहते. आधी न जाणवणारी कड आता खिडकीच्या डोक्यावर जाड भुवईसारखी बसते आणि तिच्या सावलीची काळी रेघ टपाला धडापासून वेगळे पाडते. गोलाई खाली ओघळत यावी असे ज्याला वाटते त्याच्या डोळ्यांत ती सलणारच. छाटल्यावर टप आणि दाराचा खांब एकाच वळणात उतरतात, आणि ते वळण खरोखर देखणे असते.

आता प्रत्यक्ष काम. जाणता कारागीर ग्राइंडरला सर्वांत शेवटी हात लावतो. आधी छताचे आतले कापड, दारांची रबरे, काचा, सीट बाहेर. काचा काढायचे कारण मजेचे नाही, खर्चाचे आहे: ग्राइंडरची ठिणगी म्हणजे वितळत्या पोलादाचा कण असतो, तो काचेत रुततो आणि उरतो तो कायमचा खडबडीत ठिपका. बॅटरी सोडवायची, आग विझवायचे साधन हाताशी ठेवायचे, कारण टपाच्या आत जुना डांबरी लेप आणि कापूस असतो. मग आतून आडव्या-तिरप्या नळ्या तात्पुरत्या जोडून बॉडी जखडायची. दारे मात्र जागेवर ठेवून त्यांच्या फटी मोजून लिहून ठेवायच्या. पुढे चौकट हलली का हे त्या फटीच सांगतात.

यानंतर पन्हळीतला रंग आणि तळाचा सीलर तारेच्या ब्रशने खरवडून काढायचा. इथे बहुधा पहिला धक्का बसतो. कारखान्याने भरलेला सीलर पन्नास-साठ वर्षांत कडक होऊन तडकतो, पाणी त्या तड्यांतून थरांमध्ये शिरते आणि बाहेर येत नाही. वरून चकचकीत दिसणारी पन्हळ आतून वाळवी लागल्यासारखी पोखरलेली निघते. पत्रा उघडा झाला की ठिपके दिसू लागतात, पत्र्यात किंचित दबलेले गोल, ठरावीक अंतरावर. टप नेमका कशाने धरून ठेवला आहे हे तेव्हा डोळ्यांना दिसते.

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ कापत गेले तर सगळे ठिपके सुटतात, टपाचा पत्रा मोकळा होऊन उचलतो आणि मग त्याला मूळ जागी बसवणे कठीण. म्हणून तीन-चार इंचांचा तुकडा कापायचा, तेथील टपाचा पत्रा हलक्या हाताने खाली वळवून चौकटीच्या पत्र्याला भिडवायचा, दोन-तीन टाके मारायचे. मग तिथून दूर, शक्यतो गाडीच्या दुसऱ्या बाजूला, पुढचा तुकडा. टाका म्हणजे वेल्डिंगचा एकच थेंब. अशा थेंबांची रांग हळूहळू दाट करत न्यायची, तेव्हा सलग शिवण तयार होते.

एवढी सावकाशी कशासाठी, तर उष्णतेमुळे. त्या काळातल्या गाड्यांच्या टपाचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा, लांबरुंद आणि अगदी मंद उताराचा. पोलाद एक मीटर लांबीमागे १०० अंश तापल्यावर सुमारे १.२ मिलिमीटर वाढते. वेल्डिंगच्या जागी तापमान दीड हजार अंशांवर जाते, पण भोवतीचा थंड पत्रा त्या जागेला पसरू देत नाही. मग ती मऊ झालेली जागा आडवी वाढण्याऐवजी जाडीत फुगते. गार होताना मात्र सगळ्या दिशांनी आकसते आणि पहिल्यापेक्षा आखूड होते. म्हणजे प्रत्येक टाका शेजारचा पत्रा आपल्याकडे खेचून घेतो. घाईने चार इंच सलग शिवण घातली की टपाच्या मध्यावर हात ठेवावा: पत्रा ‘टुक’ करून आत जातो आणि हात काढला की ‘टुक’ करून बाहेर येतो. तो आवाज ऐकला की अनुभवी डेंटरचा चेहरा उतरतो, कारण कडेला केलेली चूक आता दोन फूट आत मध्यावर पोचलेली असते.

उपाय आहे, तो हातोडीत. आकसलेल्या टाक्याखाली डॉली धरायची, म्हणजे हातात मावणारा घडीव पोलादी ठोकळा, आणि वरून सपाट तोंडाच्या हातोडीने नेमके टाक्यावर ठोकायचे. दोन पोलादांमध्ये सापडलेला पत्रा किंचित पसरतो आणि गेलेली लांबी परत मिळते. किती ठोकायचे हे मोजून सांगता येत नाही. कारागीर तळहात फिरवत राहतो, कारण उंचवटा डोळ्याआधी हाताला कळतो. १९५०च्या दशकात हे सगळे गॅस वेल्डिंगने व्हायचे. त्यात उष्णता जास्त पसरते, पण शिवण मऊ राहते आणि हातोडीला छान दाद देते. आज बरेचजण टिग वेल्डिंग करतात, ते त्याच मऊपणासाठी. मिग वेल्डिंगची शिवण जलद होते, पण कडक असल्याने घासूनच काढावी लागते, आणि घासतानाही पत्रा तापतो.

एका गोष्टीवर मी आग्रही आहे. शिवणीत वरचाच पत्रा धरला आणि आतल्या चौकटीचा थर तसाच सुटा राहिला, तर गाडी बाहेरून कितीही सुबक दिसो, ते काम फसवे आहे. दारांवरची तुळई ही आतून पोकळ पेटी असते आणि पेटीची ताकद तिच्या बंद असण्यात आहे. एक कड सुटली की वाकायचे, पिळायचे बळ कुठे तरी दुसरीकडे जाते, रंगावर केसासारखी रेघ उमटते, आणि गाडी उलटली तर टपाने जेवढे सोसायला हवे तेवढे तो सोसत नाही. सगळे थर पकडले गेले आहेत का, हे रंगाआधी आतून दिवा धरून पाहिलेच पाहिजे.

शिवण सपाट झाल्यावरही बारीक खड्डे राहतात. ते पूर्वी शिशाने भरत. या शैलीच्या गाड्यांना ‘लेड स्लेड’ हे नाव पडले ते त्यामुळेच. ७० टक्के शिसे आणि ३० टक्के कथील अशा मिश्रधातूची कांडी वापरतात. १८३ अंशांना ती मऊ पडू लागते आणि पूर्ण पातळ व्हायला सुमारे ७० अंश आणखी लागतात. या मधल्या पट्ट्यात ती लोण्यासारखी थापता येते. पत्र्याला आधी कल्हई करायची, मग मंद ज्योत फिरवत मेण लावलेल्या लाकडी पट्टीने शिसे पसरायचे. घासायचे ते खास कानशीने. सँडपेपर किंवा ग्राइंडर अजिबात नको. शिशाची बारीक धूळ श्वासातून अंगात जाते आणि तिथेच मुक्काम करते. आपल्याकडच्या गॅरेजांत त्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात. चांगल्या प्रतीची लांबी पातळ थरात वाईट नसते, पण सांध्यावर जाड थर दिला आणि खालचा पत्रा हलता राहिला तर ती सुटणारच.

एवढे करून सुंदर टप मिळतो, आणि पहिल्या पावसात पाणी सरळ मांडीवर येते. टपावरचे पाणी आता अडवायला काही नाही. ते दाराच्या वरच्या फटीवरून वाहते, आणि दार उघडले की टपावर साचलेले सगळे एकदम आत. जाणते लोक म्हणून दाराच्या चौकटीत, बाहेरून न दिसणारा, एक छोटा उभा काठ वेल्ड करून ठेवतात, रबराची दुसरी रांग बसवतात आणि दोन्हींच्या मधले पाणी खांबाकडे उतरेल अशी वाट काढतात. कॅलिफोर्नियात पाऊस थोडा, तिथे एवढे केले नाही तरी निभावते. कोकणात किंवा गोव्यात अशी गाडी जूनमध्ये बाहेर काढणाऱ्याचे निभावणार नाही.

कारखान्यांनाही हीच कड काढायची होती, मात्र कारण वाऱ्याचे. समोरच्या काचेवरून कडेला वळणारी हवा पन्हळीला अडखळते, भोवरे उठतात, इंधन जळते आणि कानाशी शिट्टी वाजते. १९७३च्या तेलसंकटानंतर हे कोणालाच परवडेना. अमेरिकेने १९७५मध्ये इंधन-कार्यक्षमतेचा कायदा केला. १९८२च्या आउडी १००ने काचा बॉडीच्या पृष्ठाशी समपातळीत आणून हवेच्या रोधाचा गुणांक ०.३० वर उतरवला. १९८३च्या फोर्ड थंडरबर्डमध्ये दारांचा वरचा भाग विमानाच्या दारासारखा टपात वळवला आणि पन्हळ दारामागे लपवली. पुढे टपाचा सांधाच कडेवरून उचलून वर नेला: टपाच्या दोन्ही बाजूंना एक खोलगट चर, त्यात स्पॉट वेल्डिंगचे ठिपके, आणि वरून झाकायला काळी रबरी पट्टी. तुमच्या गाडीच्या टपावर आज ती पट्टी दिसत असेल तर तिच्याखाली तीच जुनी पन्हळ आहे, फक्त जागा बदललेली. फोक्सवॅगन आणि आउडीने पुढे लेझरने सांधा भरून ती पट्टीही घालवली. पोर्शेने मात्र ९११वर उघडी पन्हळ १९९०च्या दशकाच्या अखेरपर्यंत ठेवली, आणि त्या गाडीला संथ म्हणायची कोणाची छाती नाही.

आपल्याकडे मारुती ओम्नी २०१९पर्यंत पन्हळीसकट बनत होती. नव्या गाड्यांना ती नाही, आणि म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर ॲक्सेसरीच्या दुकानांत खिडक्यांवर चिकटवायच्या प्लॅस्टिकच्या व्हायझरला गिऱ्हाईक असते. काच दोन बोटे खाली ठेवून हवा घ्यावी आणि पाणी आत येऊ नये, ही गरज काही संपलेली नाही.

राहिला प्रश्न भारतातल्या जुन्या गाडीवर हे करावे का. माझे मत स्पष्ट आहे: जी गाडी मूळ रूपात शाबूत आहे, तिची पन्हळ कापू नये. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना आडकाठी करते. त्याखेरीज २०२१मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, पण गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिच्या बॉडी, चासी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. टपाचा सांधा कापणे हा मोठा फेरफार नाही, असा युक्तिवाद मी तरी करणार नाही. शिवाय काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून संपल्या. चांगल्या अवस्थेतल्या पद्मिनी आता दर वर्षी कमीच होणार. आधीच अपघातात टप चेपलेली, कागदपत्रांत अडकलेली, केवळ प्रदर्शनासाठी उभी राहणारी गाडी असेल तर कारागिराने आपले कसब जरूर दाखवावे.

बहुतेक मालकांची खरी अडचण वेगळी असते: पन्हळ गंजली आहे आणि डेंटर म्हणतो, काढूनच टाकू. ऐकू नका. जुना सीलर कोपऱ्यांपर्यंत खरवडून काढायचा, थरांमधला गंज फॉस्फोरिक आम्लाच्या द्रावणाने मारायचा, जागा धुऊन पूर्ण सुकवायची. पत्र्याला भोक पडले असेल तेवढाच तुकडा कापून त्याच वळणाची नवी पट्टी थेंबाथेंबाने जोडायची. त्यावर जस्तयुक्त प्रायमर, मग रंग घेणारा पॉलियुरेथेन सीलर बोटाने दाबून खोबणीच्या तळाशी, काठापेक्षा खाली राहील असा भरायचा, कारण काठापर्यंत भरला तर पाण्याला वाट उरत नाही. शेवटचा रंग देण्याआधी टपावर तांब्याने हळूहळू पाणी सोडून ते दोन्ही टोकांनी उतरते ना, मध्ये कुठे थांबत नाही ना, हे बघायचे आणि जिथे थांबेल तिथला सीलर ओला असतानाच खरवडून पुन्हा भरायचा.